जवळचं दिसेनासं झालंय: एकच प्रोग्रेसिव्ह घ्यावा की कामागणिक वेगळे चष्मे?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी.

वय ४५. आजवर चष्म्याशी संबंध आला नव्हता. लांबचं अजूनही लख्ख दिसतं, फलाटावरचा इंडिकेटर पुलावरूनच वाचता येतो. जवळचं मात्र गेलं वर्षभर निसटत चाललंय. औषधाच्या पट्टीवरची तारीख, बिलावरचा जीएसटी क्रमांक, सुईचं नेढं. सकाळी निभावतं, संध्याकाळी पाचनंतर आकडे एकमेकांत मिसळायला लागतात आणि कपाळ दुखतं.

माझं काम अकाउंट्सचं. समोर दोन स्क्रीन, डाव्या हाताला व्हाउचरची फाइल. घरी आल्यावर कशिदा घेऊन बसते. त्यात माझा जीव आहे, आणि डोळ्यांपायी तो सुटू नये असं फार वाटतं.

तपासणी केली, दोन्ही डोळ्यांना जवळचा +१.२५ निघाला. दुकानदार म्हणतात प्रोग्रेसिव्हच घ्या, म्हणजे वरून खाली लांबचा ते जवळचा नंबर रेघेशिवाय हळूहळू बदलत जाणारा, एका चष्म्यात सगळं होईल. ऑफिसातली मैत्रीण म्हणते दोन वेगळे कर, प्रोग्रेसिव्हने तिला आठवडाभर गरगरलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, इतक्यात लावूच नकोस, एकदा लावला की नंबर वाढतच जातो. शिवाय डोळ्यात थेंब टाकले की चष्मा नको, अशी बातमी मध्यंतरी वाचली होती. तिचं पुढे काय झालं?

ज्यांनी यातलं काही वापरलंय त्यांनी कृपया लिहा. आपण काम काय करता तेही लिहा, म्हणजे मला ताडून पाहता येईल.

मंदार_नाशिक

सासूबाईंचं म्हणणं आमच्याही घरात होतं. आई वर्षानुवर्षं पोथी हातभर लांब धरून वाचायची. चष्मा आला त्या दिवशी म्हणाली, "अरे, इथे अनुस्वार आहे!" आणि तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला. लावा बिनधास्त.

चिन्मयी

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. वय ४२, मोबाइलवरची अक्षरं आताशा मोठी करायला लागलेय.

ऑप्टो_करवीर

सायलीताई, मी कोल्हापुरात डोळे तपासायचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं. जवळचं पाहायचं झालं की भोवतालचा स्नायू आकसतो, भिंगावरचा ताण सैल होतो आणि ते फुगीर होतं. वयानुसार हे भिंग कडक होत जातं. स्नायू आपलं काम करत राहतो, पण भिंग पूर्वीसारखं फुगत नाही. ही ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात, चष्म्याचा नंबरही त्यातच असतो. दहाव्या वर्षी ती साधारण १३-१४ डायॉप्टर असते, चाळिशीला ५ च्या आसपास येते आणि पन्नाशीला जेमतेम २ उरते. ४० सेंटिमीटरवरचं वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. असलेली सगळी ताकद दिवसभर ताणून वापरता येत नाही, निम्मी आरामात वापरता येते. पंचेचाळिशीत हिशोब जुळेनासा होतो तो यामुळे. दिवसभर ताणल्यावर संध्याकाळी कपाळ दुखणार, आणि तेव्हा उजेडही कमी झालेला असतो.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर यातच आहे. चष्मा लावला किंवा नाही लावला तरी भिंग त्याच्या गतीने कडक होतं. बहुतेकांचा जवळचा नंबर साठीच्या आसपास +२.५ च्या जवळ जाऊन थांबतो. चष्म्यामुळे तो वाढत नाही. लावायला लागल्यावर बिनचष्म्याचं आधीपेक्षा धूसर वाटतं, ते स्वच्छ दिसण्याची सवय झाल्यामुळे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नंबर काढताना वाचायचा तक्ता तुमच्या हातात किती अंतरावर होता? बहुतेक ठिकाणी ४० सेंटिमीटरवर धरतात, म्हणजे तुमचा +१.२५ हा त्या अंतराचा नंबर आहे. स्क्रीन याहून लांब असते, तिला फार थोडा नंबर पुरतो. कशिदा याहून जवळ असतो, त्याला हा नंबर अपुरा पडेल. घरची टेप घ्या, कामाला नेहमी बसता तशा बसा आणि डोळ्यापासून स्क्रीन, फाइल, कापड अशी तिन्ही अंतरं कुणाकडून तरी मोजून घ्या. तो कागद तपासणाऱ्याच्या हातात द्या. आमच्याकडे असा कागद घेऊन फार थोडे लोक येतात आणि ज्यांचे चष्मे कपाटात पडून राहतात त्यांतले निम्मे तरी या एका कारणाने पडून राहतात, असं माझं ठाम मत आहे.

सायली_ठाणे

करवीर सर, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. तक्ता त्यांनी हातात दिला आणि वाचा म्हणाले, अंतर कुणी विचारलंच नाही. आज मुलाकडून मोजून घेतलं. स्क्रीन ६८ सेंटिमीटर, फाइल ४२, कशिद्याची रिंग २८.

ऑप्टो_करवीर

मग एक प्रोग्रेसिव्ह या तिन्हींना पुरा पडणं अवघड आहे. २८ सेंटिमीटर म्हणजे साडेतीन डायॉप्टरचं काम. त्याला वेगळा चष्माच लागेल, दोनच्या आसपासचा. ऑफिससाठी नुसता स्क्रीन आणि टेबल एवढ्यापुरता बनवलेला चष्मा मिळतो, ऑफिस लेन्स म्हणून मागा. त्यात वरचा मोठा भाग स्क्रीनचा, खालचा कागदाचा. लांबचं तुम्हाला बिनचष्म्याचं दिसतंच.

शर्वरी_सांगली

मी शाळेत शिकवते. फळा, वही, मुलांचे चेहरे, सगळं एकाच तासात पाहावं लागतं, त्यामुळे मला प्रोग्रेसिव्हशिवाय गत्यंतर नव्हतं. पहिला एका दुकानातून केला (नाव लिहीत नाही). वाचायला हनुवटी वर करावी लागायची. परत दाखवला तर "सवय होईल" एवढंच उत्तर. मान आखडली, सवय काही झाली नाही.

दुसऱ्या ठिकाणी गेले तेव्हा फरक कळला. तिथल्या मुलीने फ्रेम माझ्या नाकावर बसवली, दांड्या कानामागे वाकवून घट्ट केल्या, मग स्वतः स्टूल ओढून बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत बसली. म्हणाली, माझ्या डाव्या डोळ्यात बघा, आता उजव्या. आणि फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर माझ्या बाहुल्यांसमोर बारीक पेनाने ठिपके दिले. मग मला उठून दारापर्यंत चालायला लावलं, पुन्हा बसवलं आणि ठिपके तिथेच आहेत का ते पाहिलं. जुना चष्मा घालून तेच केलं तर काचेवरची खूण बाहुलीच्या चांगली चार मिलिमीटर खाली. नवीन चष्मा तिसऱ्या दिवसापासून अंगवळणी पडला.

तेव्हा मैत्रिणीला गरगरलं म्हणजे प्रोग्रेसिव्ह वाईट असं नाही. ठिपके न काढता कुणी प्रोग्रेसिव्ह देत असेल तर तिथून उठावं.

ऑप्टो_करवीर

शर्वरीताईंना शंभर टक्के अनुमोदन. महागड्या काचेपेक्षा हे माप मोलाचं. फ्रेमची उंचीही फार कमी नको, नाहीतर वाचायचा भाग कापला जातो. कडांना थोडं वेडंवाकडं दिसणं मात्र प्रत्येक प्रोग्रेसिव्हमध्ये असतं, काच कितीही भारी असो. डोळे तिरपे न करता मान वळवायची सवय लागते. एक-दोन आठवडे द्या. त्यानंतरही त्रास असेल तर दुकानदाराने तपासून दिलंच पाहिजे.

भटक्या_सह्याद्री

सवय झाली तरी एका ठिकाणी सावध राहावं लागतं: उतारावर. प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागातून पायरीकडे पाहिलं की ती धूसर आणि जवळ वाटते. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या उतरताना मला हे नीट कळलं. आता ट्रेकला नुसता लांबचा चष्मा घालतो आणि नकाशा पाहायला वाचायचा चष्मा गळ्यात दोरीने अडकवतो. घरातल्या वयस्कर मंडळींना प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (वर लांबचा, खाली जवळचा असा दोन नंबरचा चष्मा) करून देताना जिन्याचं जरूर सांगा. पायरीकडे बघताना मान खाली घालायची, नुसती नजर खाली टाकायची नाही.

जेनेरिक_दादा

माझं औषधांचं दुकान आहे. माझी अडचण उलटी. नावं वाचायची असतात ती वरच्या फळीवरची, आणि प्रोग्रेसिव्हमधला वाचायचा भाग असतो खाली. दिवसभर मान मागे टाकून पाहायचं, रात्री खांदे भरून येतात. शेवटी हातभर अंतराचा साधा एकाच नंबरचा चष्मा केला. काउंटरच्या पलीकडचा माणूस जरा धूसर दिसतो, पण फळी वर-खाली सगळी स्वच्छ.

गिऱ्हाइकांना माझी विनंती, पट्टीवरचं नाव दिसत नसेल तर विचारा. बरेच लोक लाजेखातर मान हलवतात आणि घरी जाऊन रंगावरून गोळी ओळखतात. हे फार धोक्याचं आहे.

गोवेकर_पणजी

जेनेरिक दादा, अगदी पटलं. आमच्याकडे बाबांनी हल्ली तारल्यांचं हुमण सोडलं होतं. विचारलं तर म्हणायचे, आता नको वाटतं. आवडीचा पदार्थ असा सुटेल का कुणाचा? आईने एक दिवस ताटाशी त्यांचा पेपर वाचायचा चष्मा आणून ठेवला. काटे दिसायला लागले आणि भूक परत आली. चष्मा पुस्तकासाठी असतो असं आपण धरून चालतो, जेवणासाठीही तो लागतो हे डोक्यात येत नाही.

अपर्णा_न्यूजर्सी

थेंबांबद्दल. अमेरिकेत २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पायलोकार्पिनचे १.२५ टक्क्यांचे थेंब याच कारणासाठी मंजूर झाले. औषध जुनंच, काचबिंदूसाठी पूर्वीपासून वापरात आहे. ते डोळ्याची बाहुली आकसवतं. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं स्पष्ट दिसतं, तेच तत्त्व. परिणाम काही तास टिकतो. माझ्या नणंदेने वापरले. दिवसा हॉटेलातलं मेनूकार्ड वाचता यायचं, पण संध्याकाळी गाडी चालवताना रस्ता काळोखा वाटे आणि भुवईवर ठणका लागे. तिने सोडून दिले.

मी स्वतः तयार मिळणारे वाचायचे चष्मे वापरते. इथे ते औषधांच्या दुकानात टांगलेले असतात. एक स्वयंपाकघरात, एक उशाशी, एक गाडीत. शोधाशोध संपली.

नेत्रवैद्य_मधुरा

अपर्णाताईंनी थेंबांचं बरोबर लिहिलंय, त्यात थोडी भर घालते. भारतात अशाच थेंबांना २०२४ मध्ये परवानगी मिळाली, त्यानंतर जाहिरातीतल्या दाव्यांवर आक्षेप घेऊन औषध नियंत्रकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्थगित केली. सायलीताईंनी वाचलेली बातमी बहुधा हीच. पायलोकार्पिनने क्वचित दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याला, फाट पडू शकते, विशेषतः मायनसचा मोठा नंबर असलेल्यांना. म्हणून मागचा पडदा तपासल्याशिवाय कुणीही असे थेंब घालू नयेत. आणि हे थेंब भिंगाला पुन्हा लवचिक करत नाहीत, तात्पुरती सोय करतात.

तयार चष्म्यांबद्दल. त्यांनी डोळे खराब होत नाहीत. पण दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो आणि त्यात सिलिंडर (डोळ्याची गोलाई असमान असेल तर लागणारा नंबर) नसतो. ज्यांचे दोन डोळे वेगळे आहेत त्यांचं डोकं दुखतं. यापेक्षा मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते: पदपथावरून चष्मा उचलला की माणूस तपासणीला येतच नाही. काचबिंदू सुरुवातीला काहीही दुखत-खुपत नसताना नजर कडेकडेने खात जातो, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. चाळिशीनंतर जवळचा नंबर काढायच्या निमित्ताने डोळ्यांचं प्रेशर आणि मागची नस तपासून घेतली तर तो वेळेत सापडतो. घरात आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर हे टाळूच नका. सायलीताई, तुमच्या तपासणीत हे झालं होतं का?

सायली_ठाणे

नाही. दुकानातच मशिनवर हनुवटी ठेवून नंबर काढला होता. या शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मावशीला काचबिंदू आहे, तेही सांगते.

योगसाधक_पुणे

चष्म्याच्या आधी व्यायामाचा विचार व्हावा असं मला वाटतं. मी बरीच वर्षं रोज पहाटे नेत्रसंचालन आणि त्राटक करतो. वय ५१, सकाळचा पेपर बाल्कनीत बसून बिनचष्म्याचा वाचतो. आपण शरीराला संधीच देत नाही, लगेच कुबडी शोधतो.

ऑप्टो_करवीर

दादा, साधना चालू ठेवा, तिचा फायदा आहेच. जवळ पाहताना दोन्ही डोळे आत वळवावे लागतात. ती शक्ती काहींची कमी असते, ती व्यायामाने सुधारते. डोळ्यांवरचा शीणही कमी होतो. पण कडक झालेलं भिंग व्यायामाने मऊ होत नाही, कारण दोष स्नायूत नाहीच.

तुम्ही बाल्कनीत वाचता हे वाचून एक विचारतो. सकाळच्या उन्हात बाहुली लहान होते आणि सगळ्यांनाच जवळचं बरं दिसतं. तोच पेपर रात्री खोलीतल्या दिव्याखाली वाचून पाहा आणि इथे कळवा. तुम्हाला थोडा मायनस नंबर असेल तरीही बिनचष्म्याचं वाचता येईल.

योगसाधक_पुणे

करवीर सर, रात्री वाचून पाहिलं. बातम्या वाचता आल्या, छोट्या जाहिराती नाही. लांबचा मला -०.७५ आहे, तो मी गाडी चालवतानाच लावतो. शीण कमी होण्याबद्दल मात्र मी ठाम आहे.

ऑप्टो_करवीर

त्याबद्दल वादच नाही. आणि -०.७५ ने तुमचं वाचायचं काम बरंच सोपं केलंय.

प्रसाद_डोंबिवली

-०.७५ चं वाचून बरं वाटलं. मला -३ आहे. कॉलेजपासून चष्मिस म्हणून हाक मारायचे, आता ऑफिसात सगळे चष्मे शोधत असतात आणि मी चष्मा काढून ठेवतो आणि बारीक टाइप वाचतो. फक्त उठताना चष्मा घालायचा विसरलो की समोरचा माणूस ओळखू येत नाही.

निवृत्त_मास्तर_सातारा

प्रसादरावांवरून आठवलं. माझं वय ६८. गेल्या दिवाळीच्या सुमारास मला बिनचष्म्याचं पंचांग वाचता यायला लागलं. घरात सगळ्यांना आनंद झाला, नातीने तर शाळेत जाऊन सांगितलं. हे नेमकं काय असावं? लांबचं मात्र थोडं मळकट वाटतं.

नेत्रवैद्य_मधुरा

मास्तर, लवकर दाखवून घ्या. भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदू वाढू लागला की डोळा मायनसकडे सरकतो आणि काही काळ जवळचं आपोआप दिसू लागतं. लांबचं मळकट वाटणं त्याच्याशी जुळतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. साखरही तपासा. रक्तातली साखर वर-खाली होत असेल तरी नंबर बदलतो, आणि अशा वेळी काढलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी होतो.

निवृत्त_मास्तर_सातारा

आभारी आहे, डॉक्टर. दाखवून आलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, साखर ठीक आहे. शस्त्रक्रिया करायची आहे. कुठलं भिंग बसवायचं ते विचारतात: एकाच अंतराचं की अनेक अंतरांचं?

नेत्रवैद्य_मधुरा

तुमचे डोळे पाहिल्याशिवाय एकच उत्तर देता येणार नाही. एवढं लक्षात ठेवा. एकाच अंतराच्या भिंगाने लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. अनेक अंतरांच्या भिंगाने चष्मा पुष्कळसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि मंद उजेडात अक्षरांचा ठसठशीतपणा कमी वाटतो. तुम्ही रात्री गाडी चालवता का, दिवसातून किती वेळ वाचता, चष्मा लावायला मनाची तयारी आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दृष्टिपटलाचा काही विकार असेल तर अनेक अंतरांचं भिंग सहसा टाळतात.

चिन्मयी

मला दुकानात निळ्या किरणांचं कोटिंग घ्यायचा फार आग्रह झाला. खरंच उपयोग होतो का?

ऑप्टो_करवीर

डोळ्यांचा शीण कमी व्हावा म्हणून घेत असाल तर नको. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या पाहिल्या, स्क्रीनच्या शिणावर त्या काचांचा फायदा निदान थोड्या मुदतीत तरी दिसला नाही. चकाकी कमी करणारं साधं कोटिंग जरूर घ्या. उरलेले पैसे टेबलावरच्या चांगल्या दिव्यात घाला. वय वाढतं तशी बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं, साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. उजव्या हाताने लिहिता-विणता ना? दिवा डावीकडून येऊ द्या, हाताची सावली पडणार नाही. मोबाइलची काळी पार्श्वभूमी डोळ्यांना बरी म्हणतात, पण तिच्यामुळे बाहुली मोठी होते आणि सिलिंडर नंबर असलेल्यांना अक्षरं पसरलेली दिसतात.

जुनी_पानं

थोडं अवांतर. दोन नंबरच्या काचा अर्ध्या-अर्ध्या कापून एका फ्रेममध्ये बसवण्याचं श्रेय बेंजामिन फ्रँकलिनला दिलं जातं, अठराव्या शतकातली गोष्ट. रेघ नसलेला पहिला यशस्वी प्रोग्रेसिव्ह फ्रान्समध्ये १९५९ साली बाजारात आला, तो बर्नार मेतेनाझ या अभियंत्याने बनवला. आमच्या लहानपणी घरोघरी दिसायचे ते खाली गोल चांद असलेले बायफोकल. आजी तांदूळ निवडायला बसली की तिला तेही पुरत नसत. मग आम्हा नातवंडांना हाक यायची, "या रे, जरा तुमचे डोळे द्या मला!" आणि आम्ही परातीभोवती बसून खडे वेचायचो.

येवलेकर

धागा पहिल्यापासून वाचला. मी लिहू की नको या विचारात होतो, पण आजीचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझे चुलते पैठणी विणतात. पदरावर मोर विणायचा तर रंगीत रेशमाचे वेगवेगळे धागे हाताने गुंफावे लागतात, एक धागा चुकला तरी मोराची मान वाकडी होते. वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांनी पदराचं काम सोडलं आणि साध्या बुट्टीवर आले. मजुरी कमी झाली. कारण विचारलं तर म्हणाले, हात थकले. हात कसले थकतायत, सायकलवरून पाण्याचे हंडे आणतात. त्यांना धागाच नीट दिसत नव्हता आणि ते सांगायची लाज वाटत होती, कारण ज्याला दिसत नाही त्याला चांगला पदर देत नाहीत. आमच्या गल्लीत चाळिशी ओलांडलेले असे कितीतरी जण असतील. यांना कुणी तपासायला जात नाही आणि तेही मजुरी बुडवून जात नाहीत.

सायली_ठाणे

हे वाचून गलबलून आलं. मी छंद सुटेल म्हणून धागा काढला, तुमच्या काकांचा तर घासच त्यावर आहे. त्यांना चष्मा झाला का?

येवलेकर

अजून नाही. मी कालच त्यांच्याशी बोललो. पहिल्यांदा चिडले, मग म्हणाले, होईल का पदर परत?

नेत्रवैद्य_मधुरा

होण्याची चांगली शक्यता आहे, आणि याला पुरावा आहे. आसाममधल्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या पानं खुडणाऱ्या कामगारांवर एक चाचणी झाली, लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ ला छापून आली. काहींना लगेच जवळचे चष्मे दिले, काहींना चाचणी संपल्यावर. ज्यांना आधी मिळाले त्यांची खुडणी इतरांपेक्षा साधारण २२ टक्क्यांनी जास्त वाढली. चष्मा साधा, स्वस्त. पानं खुडण्यापेक्षा विणकाम कितीतरी बारीक आहे.

चष्म्याची ही गरज आपल्याकडे अजून कुणी गांभीर्याने घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेतल्या मुलांची तपासणी होते, म्हाताऱ्यांची मोतीबिंदूसाठी शिबिरं होतात. मधला चाळीस ते साठचा कमावता माणूस निसटतो.

शर्वरी_सांगली

आमच्या शाळेत वर्षातून एकदा मुलांचे डोळे तपासतात. पुढच्या वेळी मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांचेही तपासा असं मुख्याध्यापकांना सुचवते. खोली तीच, तक्ता तोच.

सायली_ठाणे

माझं कळवते. डॉक्टरांकडे प्रेशर आणि मागची नस दोन्ही ठीक निघाले, वर्षाने पुन्हा बोलावलंय. अंतरांचा कागद दिला तर त्यांनी सहाय्यकाला बोलावून दाखवला. कशिद्याची रिंग सोबत नेली होती, तिच्यावरच नंबर काढला, +२ आला. ऑफिससाठी ऑफिस लेन्स केली, ठिपके काढून. प्रोग्रेसिव्ह सध्या नाही, लांबचा नंबर आला की बघू म्हणाले. काल गव्हाच्या कणसाचा टाका घातला, एकेक दाणा वेगळा दिसत होता. सासूबाईंनी तो चष्मा घालून पाहिला आणि आता त्यांनाही तपासायला यायचंय.

मंदार_नाशिक

वा! सासूबाईंच्या चष्म्याचंही इथेच कळवा.

चिन्मयी

मीही आज टेप घेऊन बसले. मोबाइल फक्त २५ सेंटिमीटरवर धरते असं कळलं.

ऑप्टो_करवीर

चिन्मयीताई, चाळीसवर न्या, आणि तरी त्रास झाला तर तपासा.

येवलेकर दादा, मधुरा डॉक्टरांशी बोललो आहे. आम्ही दोघं येवल्याला यायला तयार आहोत. गल्लीतल्या एखाद्या घराची ओसरी आणि दोन बल्ब एवढं पुरेल, तपासणीच्या काचांच्या पेट्या आम्ही आणतो. लग्नसराईच्या ऑर्डरींची गर्दी नसेल अशी तारीख तुम्हीच ठरवा, म्हणजे कुणाची मजुरी बुडणार नाही. त्याआधी एक काम करून ठेवा. प्रत्येक विणकर मागावर बसलेला असताना त्याच्या डोळ्यापासून पदरापर्यंतचं अंतर मोजून नावापुढे लिहा. काम मागावरच होतं, म्हणून नंबरही मागावर बसवूनच काढू.

येवलेकर

काकांपासून सुरुवात केली. ४४ सेंटिमीटर. बाकीच्यांची रविवारपर्यंत देतो.